एक पाकीट, दोन कार्डं

आज जमलं तर पोस्टात जाऊन या. दोन साधी पोस्टकार्डं घ्या आणि पाच रुपयांचं एक पाकीट. दोन कार्डं कशाला, ते शेवटी सांगते. घरी आल्यावर हातपाय धुवा, पाणी प्या आणि जिथे कोपर टेकता येईल अशी जागा धरून बसा. खिडकीपाशी, ओटीवर, जेवणाच्या टेबलाशी, कुठेही. फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. लगेच लिहायचं नाहीये.

एक कार्ड हातात घ्या. नुसतं धरा. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवा. १४ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद. जाडसर कागद, उजव्या कोपऱ्यात तिकीट आधीच छापलेलं. आपल्याकडे हे कार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं तेव्हा ते एका पैशाला मिळायचं, आणि कित्येक वर्षं झाली, त्याची किंमत ५० पैशांवर थांबलेली आहे. समजा, असं कार्ड तुम्ही नुसतंच पेटीत टाकलं. मग कोणीतरी ती पेटी उघडून पिशवी भरेल, कोणीतरी शिक्का मारेल, कोणीतरी दिव्याखाली उभं राहून ते बरोबर खणात टाकेल, कोणीतरी गाडीत चढवेल, दुसरं कोणी उतरवून घेईल आणि शेवटी एक माणूस सायकलवरून किंवा पायी ते एका दाराशी नेऊन देईल. यांपैकी एकालाही तुम्ही ओळखत नाही. ५० पैशांत इतके हात तुमच्यासाठी हलतात याचं मला अजूनही अप्रूप आहे, आणि ते कमी होऊ नये असं मनापासून वाटतं.

आता डोळे मिटा. कोणाला लिहायचं?

यादी करू नका. पहिलं नाव चटकन येईल. बहुधा ज्याच्याशी काल-परवाच बोलणं झालंय असंच ते माणूस असेल. त्याला प्रेमाने बाजूला बसवा आणि थोडं थांबा. मग त्याच्या मागून कोणीतरी येतं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहतं. तिसरीच्या वर्गातल्या बाई. लग्न होऊन इंदूरला गेलेली मैत्रीण. जिच्याकडे राहून शिकलो ती मावशी. जमिनीच्या कागदांवरून ज्याच्याशी बोलणं थांबलं आणि थांबलंच, तो चुलतभाऊ. यांच्यातलं जे माणूस हलत नाही, आत या म्हटल्याशिवाय आत येत नाही आणि परतही जात नाही, त्याला लिहा.

ते माणूस या घटकेला काय करत असेल? चहा टाकला असेल का? चष्मा शोधत असेल? त्याच्या घरात आत्ता ऊन कुठल्या खोलीत येतंय? तुम्हाला यातलं काही ठाऊक नसेल तर तेही लक्षात येऊ द्या. बरेच दिवस गेले, एवढंच ते सांगतंय.

पेन उघडा. वर मधोमध 'श्री' लिहा. देव माना किंवा मानू नका, हे अक्षर लिहिताना हात चालू लागतो, तबला लावून घ्यावा तसा. माझ्या लहानपणी या अक्षराकडे सगळ्यांची नजर आधी जायची. ज्या कार्डावर श्री नसे आणि ज्याचा कोपरा फाडलेला असे, ते कार्ड दारातच वाचलं जाई. ते घरात येत नसे, वाचून तिथेच फाडून टाकत, आणि वाचणारा तसाच न्हाणीघराकडे वळे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असे. मजकुराच्या आधी कोपराच बोलायचा.

उजवीकडे गावाचं नाव, तारीख आणि वार घाला. वार जरूर घाला. पत्रात 'आज' हा शब्द येतो तेव्हा ते आज तुमचं असतं, आणि वाचणाऱ्याचं आज त्यानंतर चार-सहा दिवसांनी उजाडतं. 'आज सकाळपासून पाऊस लागून राहिला आहे' हे तुम्ही लिहाल, आणि वाचणारा कदाचित कडक उन्हात बसून तुमचा पाऊस वाचेल. माझी आत्या नागपूरची. मे सरताना तिची पत्रं उकाड्याने भरलेली असायची, आणि ती आमच्याकडे पोहोचेपर्यंत कोकणात मृगाची सर येऊन गेलेली असायची. आजोबा ते पत्र ओल्या पडवीत बसून मोठ्याने वाचत. तिचा उकाडा आणि आमचा पाऊस थोडा वेळ एकाच घरात असायचा.

आता मायना. इथे घाई करू नका. मराठीने या एका ओळीवर केवढं मन लावलंय ते बघा. वडिलांना आणि आईला तीर्थरूप. वडिलांच्या ठिकाणी मानावं अशांना तीर्थस्वरूप. धाकट्यांना चिरंजीव आणि मग अनेक उत्तम आशीर्वाद. बरोबरीच्यांना सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. थोरांना साष्टांग नमस्कार, जो कागदावर सा. न. इतका आखडून बसायचा आणि तरी पूर्ण घातलेला मानला जायचा. मी कॉलेजात गेल्यावर हे सगळं जुनाट वाटून 'प्रिय बाबा' असं लिहायला लागले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांच्या उत्तरात मात्र 'चि.' तसंच होतं आणि 'अ. उ. आ.' ही अक्षरं नेहमीपेक्षा जरा मोठी काढलेली होती. ते कार्ड माझ्यापाशी आहे. आशीर्वादाची तीन अक्षरं, प्रत्येकाच्या पुढे टिंब, आणि प्रत्येक टिंबाशी पेन किंचित रुतलेलं.

तर ज्याला तुम्ही लिहिताय, तो तुमचा कोण? एका शब्दात. मनात दोन-तीन शब्द येतील, त्यांतला जो लिहिताना हात थोडा अवघडतो तो लिहून टाका. बोलताना नात्याचं नाव सहज टाळता येतं. कार्डावर मायन्याची जागा रिकामी सोडता येत नाही.

इथे पेन खाली ठेवा आणि जरा माझं ऐका.

१९७४ साली मी पाचवीत होते. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, पन्नास-साठ घरांचं. अक्षर बरं म्हणून मला वाडीतल्या बायका पत्रं लिहायला बोलावत. सगळ्यांत जास्त वेळा बोलावणं यायचं ते वरच्या घरातल्या काकींकडून. त्यांचा मुलगा मुंबईला लालबागला, गिरणीत. काकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी पाटी मांडीवर घ्यायचे, तिच्यावर कार्ड ठेवायचे. त्या समोर विळीवर बसून काहीतरी चिरत असायच्या आणि बोलायच्या.

"लिही. गाय व्याली. पाडी झाली."

मी लिहायचे.

"फणस यंदा कमी धरलाय. कौलं परतून घेतली."

मग त्या थांबायच्या. विळीवरचा हातही थांबायचा. त्यांचा पाय महिनाभर सुजलेला होता, हळद उगाळून लावलेली मला दिसत होती. मी विचारलं, "काकी, पायाचं लिहू?"

"नको गो. तो तिकडे काय करणार? उगाच जेवायचा नाही."

मग पुन्हा चिरण्याचा आवाज. "लिही, इकडे सगळं ठीक आहे. काळजी करू नये. उलट टपाली पत्र पाठव."

कार्ड भरलं की त्या हात पुसून यायच्या आणि ते माझ्याकडून घ्यायच्या. कधी उलटंही धरायच्या. मग अक्षरांवरून वरून खाली एकदा तळवा फिरवायच्या, अंथरूण साफ करावं तसा. एवढं झालं की कार्ड माझ्याकडे परत. हा तळवा फिरवलेला त्यांच्या मुलाला कधी कळला नसणार. पायही कळला नसेल. त्या पत्राचा मोठा भाग माझ्याचजवळ राहिला आणि इतकी वर्षं मी तो सांभाळते आहे.

तुमच्या कार्डाकडे या. क्षेमकुशल लिहा. 'इकडील सर्व ठीक' हे लिहिताना काय बाजूला राहतंय ते बघा. ते लिहाच असं मी म्हणत नाही. काकींनी लिहिलं नाही, त्यात त्यांची माया होती. पण बाजूला काय ठेवलं ते स्वतःला ठाऊक असावं. श्वास घ्या, सोडा. त्या न लिहिलेल्या गोष्टीवरून एकदा तळवा फिरवा.

मजकुरात काय लिहायचं हा प्रश्न आता पडेल. मोठं काही नको. साने गुरुजींनी आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रं लिहिली. तीच पुढे 'सुंदर पत्रे' झाली. देशाच्या काळजीने पोखरलेला तो माणूस त्या मुलीला पाखरांचं, झाडांचं, आभाळाचं सांगत बसला. एका मुलीला लिहिलेलं म्हणूनच ते हजारो घरांतल्या मुलांना आपल्याला लिहिल्यासारखं वाटलं. तुम्हीही आज डोळ्यांसमोर जे आहे ते लिहा. कुंडीतला मोगरा. गच्चीवर ठेवलेले गहू. नातवाचा पडलेला दात. ज्याला लिहिताय त्याच्या डोळ्यांना बघायला काहीतरी द्या. फोनवर आपण बातमी देतो आणि मोकळे होतो, मोगऱ्याला तिथे जागाच नसते.

काकींच्या मुलाकडून उत्तर यायचं ते बहुतेक मनिऑर्डरच्या फॉर्मावर. फॉर्माच्या खाली दोन-तीन ओळी लिहिता येतील इतकी जागा असे, तो तुकडा घेणाऱ्याला मिळे. पोस्टमन पडवीत बसायचे, अंगठ्याला शाई लावायचे, नोटा मोजून काकींच्या हातात द्यायचे आणि तो तुकडा फाडून वाचून दाखवायचे. 'पैसे पाठवले. तब्येत बरी. गणपतीला येतो.' कोकणातली कितीतरी घरं गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरींवर उभी होती हे सगळे जाणतात. त्यांच्याखालच्या त्या दोन-तीन ओळींवर काय काय उभं होतं ते मात्र कुठल्या हिशोबात आलेलं नाही. पैसे पंधरा दिवसांत संपायचे. तुकडा वर्षभर राहायचा, तारेत.

तार म्हणजे काय, ते नव्या वाचकांना सांगायला हवं. एक जाड तार, खालच्या टोकाला लाकडाची गोल चकती, वरचं टोक अणकुचीदार करून आकड्यासारखं वाकवलेलं. पडवीतल्या खिळ्याला ती टांगलेली असे. आलेलं पत्र वाचून झालं की त्या टोकात खुपसायचं आणि खाली सरकवायचं. दिवाळीचं पत्र खाली, त्यावर संक्रांतीचं, त्यावर शिमग्याचं. घराघरांत पत्रांची अशी माळ लोंबत असे आणि तिच्यावर धूळ बसत असे.

गावचं घर आवरलं तेव्हा आमची तार मी मुंबईला घेऊन आले. एका रविवारी जमिनीवर चादर पसरली आणि एकेक पत्र वरून काढत गेले. प्रत्येकाला मधोमध भोक. मामांच्या बेळगावहून आलेल्या एका कार्डावर ते भोक नेमकं एका शब्दावर पडलंय: 'यंदा', मग गोल छिद्र, मग 'फार आठवण येते'. यंदा कोणाची? आजीची असेल, ती त्याच वर्षी गेली. आंब्यांचीही असेल. मी ते कार्ड खिडकीशी धरून पाहिलं तेव्हा त्या छिद्रातून समोरच्या इमारतीची एक पेटलेली ट्यूबलाइट दिसली.

मधेच एक पाकीट लागलं, संक्रांतीचं. आत तिळगुळाची शुभेच्छा छापलेलं भेटकार्ड आणि कागदाच्या पुडीत हलवा. तेव्हा लांबच्या माणसांना असाच हलवा पाठवत. चार-सहा दाणे, पाकीट फुगणार नाही इतके. काटा आलेला पांढरा हलवा, आणि त्यातला एक दाणा पोस्टाच्या शिक्क्याखाली सापडून चुरडला गेलेला. पुडीच्या घडीत अजून त्याची पिठी होती. चाळीस वर्षांपूर्वी कोणी शिक्का मारणाऱ्याने हात जोरात आपटला होता, आणि कोणी आत्याबाई चार दाणे मोजून घालत होत्या, हे दोन्ही त्या पिठीत होतं. दिवाळीची कार्डं तर आम्ही घरीच करायचो. जाड कागद दुमडायचा, वर घोटीव कागदाचा आकाशकंदील चिकटवायचा. खळ जास्त झाली की कार्ड मधेच चिकटून बसायचं आणि मिळणाऱ्याला ते सोलून उघडावं लागायचं. तशीही तीन होती. सोललेल्या खुणांसकट.

तार रिकामी झाली आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इतकी वर्षं ती समोर लोंबत होती आणि कधी सुचली नव्हती. त्या तारेत आमच्या घराने लिहिलेलं एकही पत्र नव्हतं. आजोबांचं अक्षर नव्हतं, आजीने सांगितलेलं काही नव्हतं, बाबांचं नव्हतं, माझं नव्हतं. असणार कसं? ते सगळं नागपूरला, बेळगावला, लालबागला होतं. आमचं घर दुसऱ्यांच्या तारांमध्ये होतं.

याच्याजवळ थोडा वेळ बसा. तुम्ही आजवर लिहिलेलं प्रत्येक पत्र तुमच्या हातून गेलंय. त्यातलं अक्षर तुमचं, पण ते ज्याच्या कपाटात आहे त्याचं. तुम्ही विसाव्या वर्षी कसे बोलत होता, कशावर हसत होता, हे कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत आहे आणि तुम्ही ते मागायला जात नाही. तसंच तुमच्या कपाटात दुसरं कोणीतरी विसाव्या वर्षाचं आहे. फोनवरच्या संदेशांत दोन्ही बाजू दोघांकडे राहतात, वर-खाली सरकवून पाहता येतात, आणि कोणी पाहत नाही. पत्रात आपण आपला अर्धा भाग देऊन बसतो.

कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत. लेखिका सुनीताबाई देशपांडे आणि ते, यांच्या प्रत्यक्ष भेटी मोजक्या, पत्रं मात्र कितीतरी. जीए १९८७ साली गेले. त्यांची पत्रं खंडांमधून प्रसिद्ध झाली. सुनीताबाईंनी लिहिलेली पत्रं पुढे २००३ मध्ये 'प्रिय जी. ए.' या वेगळ्या पुस्तकात आली. म्हणजे एकाचं बोलणं एका पुस्तकात आणि दुसऱ्याचं दुसऱ्या. दोन्ही मांडीवर घेऊन, तारखा जुळवत वाचावं लागतं. मी तसं वाचलंय, एका पावसाळ्यात. कुठे प्रश्न सापडतो आणि उत्तर सापडत नाही, कुठे उलट. तो संवाद एका जागी असा कुठेच नाही. तो त्या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत आहे, जिथे वाचणाऱ्याची मांडी असते.

आणि आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. आपल्या बायकोने शिकावं म्हणून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते तिकडच्या एका मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या आणि तिथे पडलेल्या त्या मासिकात त्यांनी ते वाचलं. त्यांनी उठून पत्र लिहिलं. ओळख नाही, पाळख नाही. बोटीने महिना-दीड महिना लागावा अशा अंतरावर पत्रांची ये-जा सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघून अमेरिकेत उतरल्या तेव्हा ज्या घरी गेल्या ते घर त्यांनी आधी पत्रांतून पाहिलेलं होतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचा अंत झाला. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंना पाठवल्या. पोकिप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत. ज्या दिशेला पत्रं जात होती त्याच दिशेला शेवटी त्याही गेल्या. दवाखान्यात वाट बघत बसलेल्या त्या बाईंचा मी अनेकदा विचार करते. वाचून मासिक खाली ठेवलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

तुमचं कार्ड आता बहुधा भरत आलं असेल. शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहा. हे शब्द आपण इतके घासलेत की त्यांचा अर्थ दिसेनासा झालाय. म्हणून एकदा सावकाश म्हणून बघा. लोभ असावा. माझ्यावर तुमची माया राहू द्या, एवढं मागतोय आपण. तोंडाने हे मागायला किती जड जातं! सही करा. काही राहिलं असेल तर ता. क. म्हणून कडेला, आडवं करून, कोपऱ्यात चढत जाणाऱ्या बारीक अक्षरात लिहा. मनात सगळ्यांत खोल असलेलं पुष्कळदा तिथेच उतरतं.

आता पाकीट घ्या आणि पत्ता लिहा. नाव लिहिताना त्या माणसाला कोणीतरी हाक मारतंय असं वाटू द्या. मग घर, गल्ली, गाव. मग सहा आकडे. हे आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आले, आणि त्यांची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची गावं देशभर, आणि पत्ते लिहिणारे कितीतरी लिप्यांत लिहिणार. पत्र चुकू नये म्हणून कवीने आकडे वापरले. काकींच्या मुलाचा पत्ता आधी 'लालबाग, मुंबई १२' असा होता. मग आमच्या पोस्टमास्तरांनी शिकवल्यावर मी ४०००१२ असं लिहायला लागले. शेवटी पाहा, जुने १२ तसेच आहेत. ४ लिहिला की सारा देश बाजूला होऊन महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड एवढंच उरतं. ४० लिहिल्यावर मुंबई-ठाण्याकडचा भाग आणि गोवा. ४०० म्हणजे मुंबई आणि तिच्या लगतचा भाग. पुढचे तीन आकडे एका पोस्टाचे, जिथला पोस्टमन ते घर ओळखतो. तुम्हीही एकेक आकडा असाच लिहा. प्रत्येक आकड्याबरोबर ते माणूस जवळ येतंय.

सैन्यातल्या माणसाचा पत्ता मात्र असा जवळ आणत नाही. नाव, नंबर, पलटण आणि 'मार्फत ५६ एपीओ'. तो लडाखमध्ये आहे की राजस्थानात, पत्त्यावरून कळत नाही. सातारा जिल्ह्यातल्या गावांतून अशी पत्रं पिढ्यान्‌पिढ्या गेली आहेत. कुठे जातंय ते माहीत नसताना आईने लिहायचं, आणि ते बरोबर पोहोचायचं.

आता दुसरं कार्ड. १९८२ चा गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झाला आणि काकींकडे मनिऑर्डर येणं बंद झालं. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात होते, शनिवारी घरी यायचे. एका शनिवारी काकींनी मला पोस्टातून जोडकार्ड आणायला सांगितलं. दोन कार्डं जोडलेली, एक आपल्या पत्रासाठी, दुसरं उत्तरासाठी, त्याचे पैसे आधीच भरलेले. मी म्हटलं, "काकी, साधं कार्ड स्वस्त पडेल." त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे कार्डाला पैसे असतील की नसतील? मग तो लिवायचा नाही, आणि कारण पण सांगायचा नाही."

उत्तराच्या अर्ध्यावर त्यांनी मला आमच्याच गावाचा पत्ता घालायला लावला. त्यांचं नाव, वरचं घर, मुक्काम, पोस्ट, तालुका. दहा-बारा दिवसांनी ते कार्ड परत आलं. पोस्टमननी पडवीतून हाक मारली तेव्हा मी तिथेच होते. एका बाजूला माझं अक्षर, मुंबईला जाऊन आलेलं, दोन शिक्के खाल्लेलं. उलटून पाहिलं तर त्याचं अक्षर, दाट, कडेपर्यंत. माझं लिहिलेलं माझ्याकडे परत आलं असं आयुष्यात तेवढ्याच काही वेळा झालं. काकींनी ते घेतलं, आणि आधी तळवा फिरवला तो पत्त्याच्या बाजूवरून.

तुमच्या दुसऱ्या कार्डावर स्वतःचा पत्ता लिहा. सावकाश. स्वतःचं नाव, स्वतःचं घर, स्वतःचे सहा आकडे, असे हाताने शेवटचे कधी लिहिले होते आठवतं का? दुसऱ्या कोणाला तुमच्यापर्यंत यायचं असेल तर हीच वाट आहे. पाठीमागची बाजू कोरी ठेवा. ते कार्ड पहिल्याला टेकवून पाकिटात घाला. पाकीट बंद करून कडेवरून बोट दाबून फिरवा.

मग चपला घालून निघा. वाटेत पेटी कुठे आहे हे कदाचित दोघा-तिघांना विचारावं लागेल. २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून गेलं, काही पेट्या चौकांतून उठल्या. दोन्ही वेळा मला घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. पण पेटी सापडेल. दीड लाखाहून जास्त पोस्टं आहेत या देशात, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांत. लाल रंग उडालेला असेल, तोंडाशी गंज असेल. पुढे कधी उघडणार ती वेळ लिहिलेली पाटी पेटीवर असेल. वाचून घ्या.

पाकीट अर्धं आत घाला आणि थांबा. अजून ते तुमचं आहे. बोटांत त्याची जाडी लागते आहे, दोन कार्डांची. आता सोडा.

आवाज ऐका. पेटीत पत्रं असतील तर मऊ पडेल. पत्रा वाजला तर तुमचं पहिलं आहे. दुसरं कोणाचं तरी येऊन त्याच्यावर पडेल.